अंधारातला सिनेमा: फिल्म नॉयरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने अमेरिकी गुन्हेगारीपट पाहायला लागलेली मंडळी हमखास विचारतात असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना मी एक बाजू घेतली आहे, ती आधीच सांगतो. नॉयरची ओळख त्यातल्या खुनावरून, पिस्तुलावरून किंवा हॅट घातलेल्या गुप्तहेरावरून पटत नाही. प्रेक्षकाला काय दिसू द्यायचं नाही, हे दिग्दर्शकाने आणि कॅमेरामनने कसं ठरवलं यावरून ती पटते.

फिल्म नॉयर म्हणजे नक्की काय?

साधारण १९४० ते १९५८ या काळात हॉलीवूडमध्ये बनलेले, बहुतेक कृष्णधवल आणि गुन्ह्याभोवती फिरणारे चित्रपट. सुरुवात म्हणून कुणी १९४० चा 'स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोअर' धरतात, कुणी १९४१ चा 'द माल्टीज फाल्कन'. शेवट मात्र बहुतेक सगळे ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'पाशी, म्हणजे १९५८ ला मानतात.

मधल्या अठरा वर्षांत या चित्रपटांनी एकच गोष्ट नाना तऱ्हांनी सांगितली. एक माणूस असतो, अगदी सज्जन नाही पण फारसा वाईटही नाही. विमा एजंट, पेट्रोल पंपाचा मालक, क्लबात पियानो वाजवणारा. त्याला पैसा हवा असतो किंवा एखादी बाई, बऱ्याचदा दोन्ही. तो एक पाऊल टाकतो आणि तिथून पुढे परतीची वाट राहत नाही. गोष्ट सुरू होते तेव्हा बहुतेक वेळा सगळं घडून गेलेलं असतं आणि तो आपल्याला मागचं सांगत असतो. त्यामुळे 'पुढे काय होणार' ही उत्सुकता मागे पडते आणि 'हा माणूस यात कसा अडकला' हे आपण पाहत बसतो.

हे नाव कुणी दिलं?

पॅरिसने. जर्मनांच्या ताब्यात असताना फ्रान्समध्ये अमेरिकी चित्रपट लागत नव्हते. १९४६ च्या उन्हाळ्यात साचलेले चित्रपट एकदम आले आणि नीनो फ्रँक या समीक्षकाने त्यातल्या काहींना 'काळे', म्हणजे फ्रेंचमध्ये 'नॉयर', म्हटलं. तिकडच्या वर्तमानपत्रांत हे विशेषण १९३० च्या दशकातल्या काही उदास फ्रेंच चित्रपटांनाही लावलं गेलं होतं. १९५५ मध्ये रेमाँ बोर्द आणि एतिएन शोमतों यांनी या अमेरिकी चित्रपटांवर अख्खं पुस्तक लिहिलं. हॉलीवूडमध्ये काम करणाऱ्यांना हे नाव ठाऊकच नव्हतं. त्यांच्या लेखी हे क्राइम मेलोड्रामा होते.

मग हा चित्रपटांचा प्रकार आहे की शैली?

अभ्यासकांचा हा वाद मिटलेला नाही. मी शैलीच्या बाजूने आहे. वेस्टर्न म्हटलं की घोडा, माळरान, शेरीफ लागतात. नॉयरला असं ठरावीक सामान लागत नाही. गुप्तहेर नसलेले नॉयर आहेत, शहराबाहेर घडणारे आहेत आणि भर उन्हातलेही आहेत. गुन्हा आहे म्हणून कुठल्याही चित्रपटाला नॉयर म्हणणं मात्र मला पटत नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार-काळापहाडच्या कथांतही गुन्हे आहेत, पण तिथला नायक सगळ्यांच्या वरचढ असतो आणि पुस्तक मिटताना जग जागच्या जागी आलेलं असतं. नॉयरमध्ये जग जागेवर येत नाही.

नॉयरची प्रकाशयोजना वेगळी म्हणजे कशी?

या प्रश्नाला मी सर्वात जास्त जागा देणार आहे.

त्या काळच्या स्टुडिओत प्रकाशयोजनेचा पाया तीन दिव्यांचा होता. चेहऱ्यावर मुख्य झोत टाकणारा की लाइट. त्याने पडलेल्या सावल्या सौम्य करणारा फिल लाइट. आणि माणूस मागच्या भिंतीपासून सुटा दिसावा म्हणून पाठीमागून दिलेला बॅक लाइट. स्टारचा चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे, कारण तिकीट त्या चेहऱ्याचं असतं, हा स्टुडिओचा हिशेब.

नॉयरच्या कॅमेरामननी फिल लाइट कमी केला, कधी पार काढून टाकला. एवढ्यानेच चित्र बदलतं. नाकाची एक बाजू उजळते, दुसरी नाहीशी होते. डोळ्यांच्या खाचा काळ्या पडतात. खोलीचा अर्धा भाग आहे की नाही हेच कळत नाही. त्यात दिवा नेहमीच्या उंचीवरून खाली जमिनीजवळ आणला की सावली भिंतीवर चढते आणि माणसापेक्षा मोठी होते. निकोलस मुसुराका हा आरकेओ स्टुडिओचा कॅमेरामन यात वाकबगार होता. १९४७ चा 'आउट ऑफ द पास्ट' पाहाल तेव्हा दृश्यात दिसणाऱ्या टेबल लॅम्पकडे लक्ष द्या. उजेड त्या लॅम्पमधूनच येतोय असं वाटतं आणि लॅम्पच्या पलीकडची खोली बघणाऱ्याच्या अंदाजावर सोडलेली असते.

'डबल इन्डेम्निटी' (१९४४) मध्ये कॅमेरामन जॉन साइट्झने याहून अवघड गोष्ट साधली. विमा एजंट वॉल्टर नेफ पहिल्यांदा डीट्रिक्सन यांच्या घरी येतो ती भर दुपार आहे, लॉस एंजेलिसचं ऊन आहे. बैठकीच्या खोलीत मात्र कोंदट अंधार. खिडकीवरच्या आडव्या पट्ट्यांच्या पडद्यातून ऊन चिरत आत येतं आणि त्या तिरिपेत धूळ तरंगताना दिसते. खरी धूळ कॅमेऱ्यात इतकी उठून दिसत नाही, म्हणून साइट्झने अॅल्युमिनियमची बारीक भुकटी हवेत उडवली. नेफच्या सुटावर त्या पट्ट्या पडतात तेव्हा त्याने अजून काहीच केलेलं नसतं. बाई वरच्या मजल्यावर आहे, विम्याचा विषयही निघालेला नाही. तरी गज त्याच्या अंगावर आलेले आहेत.

आणि जॉन ऑल्टन. हा मूळचा हंगेरीचा. कमी दिव्यांत भराभर काम उरकणारा, म्हणून स्वस्त चित्रपटांच्या निर्मात्यांना हवाहवासा. त्याने १९४९ मध्ये प्रकाशयोजनेवर पुस्तक लिहिलं, ते कॅमेरामन मंडळी आजही वाचतात. 'द बिग कॉम्बो' (१९५५) चा शेवट विमानतळाच्या हँगरमध्ये आहे. ऑल्टनने तिथे धुकं सोडलं, एक फिरता झोत ठेवला आणि शेवटच्या चौकटीत एक पुरुष आणि एक बाई नुसत्या काळ्या आकृत्या म्हणून उभ्या केल्या. चेहरे नाहीत, सेट जवळजवळ नाही.

याच चित्रपटात आवाजाचाही असा एक प्रयोग आहे. टोळीतल्या एका वयस्क माणसाला ऐकू कमी येतं, तो कानाला यंत्र लावतो. त्याला मारायची वेळ येते तेव्हा म्होरक्या ते यंत्र त्याच्या कानातून काढून घेतो. पडद्यावर मशीनगनच्या नळ्यांतून आगीचे लोळ निघताना दिसतात आणि आवाज शून्य. मरणाऱ्याला जेवढं ऐकू येतंय तेवढंच आपल्याला. काढून घेणं हीच नॉयरची पद्धत आहे. दिव्यात ती लवकर ध्यानात येते, म्हणून सगळे दिव्याबद्दल बोलतात.

हे सगळं पैसे वाचवायला केलेलं होतं ना?

काही अंशी हो. युद्धकाळात सरकारने एका चित्रपटाच्या सेटसाठी लागणाऱ्या नव्या सामानावर ५,००० डॉलरची मर्यादा घातली होती. भिंत उभारायला लाकूड नसेल तर तिथे अंधार ठेवणं सोयीचं. दोन चित्रपटांच्या जोडखेळातला दुसरा, कमी बजेटचा चित्रपट म्हणून कित्येक नॉयर बनले. एडगर उल्मरचा 'डीटूर' (१९४५) त्यातला सर्वात प्रसिद्ध. न्यूयॉर्कचा रस्ता उभारायला पैसे नाहीत, म्हणून धुकं आणि रस्त्याच्या नावाची पाटी. नायक पूर्वेकडून पश्चिमेला चाललाय हे डावीकडे जाणाऱ्या गाड्यांनी दाखवायचं होतं, म्हणून काही शॉट चक्क उलटे छापले. त्यामुळे चालक चुकीच्या बाजूला बसलेला दिसतो. तरीही 'डीटूर' पाहताना छातीवर जे दडपण येतं, ते महागड्या चित्रपटांनाही क्वचितच साधलंय.

पण केवळ काटकसरीने हे घडलं असं म्हणता येत नाही. 'डबल इन्डेम्निटी' पॅरामाउंटचा पहिल्या फळीतला चित्रपट होता, त्याला सात ऑस्कर नामांकनं होती (मिळालं एकही नाही, याची मला आजही हळहळ वाटते). साइट्झला हवे तेवढे दिवे मिळाले असते. त्याने ते मागितले नाहीत.

नॉयर जर्मनीतून आला असं म्हणतात, ते कितपत खरं?

माणसांपुरतं बरंच खरं. १९३० मध्ये बर्लिनमध्ये काही तरुणांनी 'पीपल ऑन संडे' नावाचा मूकपट केला. दिग्दर्शनात रॉबर्ट सिओडमाक आणि एडगर उल्मर, लेखनात बिली वाइल्डर. हौशी कलाकार, सुट्टीचा दिवस, तळ्याकाठचं ऊन, चेष्टामस्करी. तीन वर्षांत हिटलर सत्तेवर आला आणि ही ज्यू मुलं देशोधडीला लागली. पुढे अमेरिकेत वाइल्डरने १९४४ ला 'डबल इन्डेम्निटी' केला, उल्मरने १९४५ ला 'डीटूर', सिओडमाकने १९४६ ला 'द किलर्स'. वाइल्डरची आई नाझी छळात गेली. अमेरिकेच्या चकचकीत रस्त्यांकडे हे लोक कुठल्या नजरेने बघत असतील, हे त्यांच्या चित्रपटांतून जाणवतं. फ्रित्झ लांग आणि ओटो प्रेमिंजर हेही याच वाटेने आलेले.

मात्र सगळं श्रेय बर्लिनला देऊ नका. साइट्झ शिकागोचा, मुसुराका जन्माने इटालियन. गोष्टी तर अस्सल अमेरिकी होत्या. डॅशिएल हॅमेट स्वतः पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरी करून लेखक झालेला. जेम्स केन आणि रेमंड चँडलर कॅलिफोर्नियाच्या पार्श्वभूमीवर लिहीत होते. त्यांची तुटक, कोरडी वाक्यं नसती तर त्या सावल्यांना बोलायला भाषा मिळाली नसती.

एकाच दृश्यातून नॉयर समजून घ्यायचा असेल तर कोणतं पाहावं?

'डबल इन्डेम्निटी'मधलं गाडी सुरू न होण्याचं.

नेफ आणि फिलिस यांनी तिच्या नवऱ्याचा खून केलाय. नवऱ्याचा पाय मोडलेला होता, म्हणून नेफ कुबड्या घेऊन त्याच्या जागी आगगाडीत चढला, शेवटच्या डब्याच्या मागच्या सज्जातून खाली उतरला. दोघांनी प्रेत रुळांवर ठेवलं. योजनेप्रमाणे सगळं पार पडलंय. दोघं गाडीत बसतात, फिलिस चावी फिरवते. इंजिन घुरघुरतं आणि थांबतं. पुन्हा फिरवते. पुन्हा तेच. कॅमेरा हलत नाही. ती त्याच्याकडे बघते. तो हात पुढे करून स्वतः चावी धरतो, आणि अखेर गाडी लागते.

आता स्वतःला विचारा, त्या काही क्षणांत तुम्हाला काय हवं होतं? गाडी सुरू व्हावी, असंच ना? थंड डोक्याने केलेल्या खुनातून हे दोघं निसटावेत म्हणून आपण श्वास रोखून बसलो होतो. वाइल्डर सांगायचा की हे दृश्य चित्रित करून झाल्यावर त्याची स्वतःची गाडी सुरू होईना, म्हणून तो धावत परत गेला आणि सेट मोडायच्या आत हा तुकडा घेतला. गाडीचा निमित्तमात्र बिघाड त्याने प्रेक्षकाला गुन्ह्यात ओढायला वापरला. सावल्या कुणीही नक्कल करू शकतो. हे ओढून घेणं ज्याला जमलं, तोच खरा नॉयर.

शेवट नेहमी वाईटच का?

त्यामागे एक नियमावलीही होती. १९३४ पासून हॉलीवूडमध्ये प्रॉडक्शन कोड काटेकोरपणे लागू झाला. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, व्यभिचार आकर्षक दिसता कामा नये, अशी बरीच बंधनं होती. केनची 'डबल इन्डेम्निटी' कादंबरी याच कारणाने काही वर्षं स्टुडिओंना हात लावता येत नव्हती.

गंमत अशी झाली की या बंधनाने नॉयरला त्याचा आकार दिला. शिक्षा अटळ असेल तर ती पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकावी, असं वाइल्डरने केलं. नेफ रात्री ऑफिसात येतो, गोळी लागलेली, डिक्टाफोन या आवाज नोंदवणाऱ्या यंत्रापुढे बसतो आणि कबुली देतो की मी पैशासाठी आणि एका बाईसाठी खून केला, पण पैसा मिळाला नाही आणि बाईही मिळाली नाही. तिथून पुढचं सगळं प्रेम, सगळी हुशारी आपण मरणाच्या उजेडात बघतो. वाइल्डरने नेफला गॅस चेंबरमध्ये मारण्याचं दृश्यही चित्रित केलं होतं, मग गाळलं. बरं केलं. आत्ताच्या शेवटात चित्रपटभर सिगार पेटवायला ज्याला काडी सापडत नाही तो कीज, विमा कंपनीतला नेफचा सहकारी, मरणाऱ्या नेफची सिगारेट पेटवून देतो. या दोन पुरुषांमधली माया ही चित्रपटातली सर्वात खरी भावना आहे असं माझं मत आहे.

नॉयरमधल्या बायका नेहमी खलनायिकाच असतात का?

असा समज आहे, आणि तो अर्धवट आहे. पुरुषाला नादी लावून नाशाकडे नेणारी बाई नॉयरमध्ये आहेच. फिलिसची भूमिका बार्बरा स्टॅनविकने केली. पायात साखळी, डोक्यावर सरळसरळ खोटा दिसणारा सोनेरी विग. युद्धात पुरुष आघाडीवर गेले, बायका कारखान्यांत शिरल्या, स्वतःच्या पैशांनी राहू लागल्या. परतलेल्या पुरुषांना त्याची धास्ती वाटली आणि ती पडद्यावर उतरली, ही मांडणी स्त्रीवादी समीक्षकांनी १९७० च्या दशकात केली. ती मला पटते. तिच्यापुढे जाऊन त्यांनी हेही दाखवलं की हे चित्रपट त्या बाईला शेवटी मारतात खरे, पण आपल्या लक्षात राहते ती तिची शिक्षा नव्हे, तिचा दरारा.

पण यादी इथेच संपवू नका. 'फँटम लेडी' (१९४४) मध्ये मालकाला फाशीपासून वाचवायला सेक्रेटरी स्वतः रात्रीच्या न्यूयॉर्कमध्ये साक्षीदार शोधत फिरते. तपास तिचा, धोका तिचा, आणि बेशुद्ध होऊन पडणारा पुरुष नायक इथे नाही. त्या चित्रपटाची निर्माती जोन हॅरिसन होती. 'गिल्डा' (१९४६) ची निर्माती व्हर्जिनिया व्हॅन अप. त्यात रिटा हेवर्थची गिल्डा बदफैली असल्याचा बभ्रा पुरुषच करतात आणि शेवटी ते बालंट ठरतं. 'इन अ लोनली प्लेस' (१९५०) मध्ये तर घाबरवणारा पुरुष आहे. शेजारीण त्याच्यावर प्रेम करते आणि हळूहळू तिच्या लक्षात येतं की खून याने केला असो वा नसो, हा माणूस करू शकतो. घरातल्या पुरुषाच्या रागाचं इतकं खरं चित्रण त्या काळात दुसरं मी पाहिलेलं नाही. आणि आयडा लुपिनोने १९५३ मध्ये 'द हिच-हायकर' दिग्दर्शित केला. त्यात गोष्टीच्या मध्यभागी बाईच नाही. वाळवंट, एक गाडी आणि पिस्तुलापुढे हतबल झालेले दोन गृहस्थ.

कथानकं इतकी गुंतागुंतीची का? मला धागा सापडत नाही.

तुमचं काही चुकत नाही. 'द बिग स्लीप' (१९४६) मध्ये ड्रायव्हरला कुणी मारलं, हे मूळ लेखक चँडलरलाही सांगता आलं नाही, असा किस्सा प्रसिद्ध आहे. त्याची १९४५ ची एक आवृत्ती सैनिकांना दाखवली गेली होती, तिच्यात तपासाचा उलगडा करून सांगणारं दृश्य होतं. स्टुडिओने नंतर ते काढलं आणि त्या जागी हम्फ्री बोगार्ट आणि लॉरेन बकॉल यांची नोकझोक वाढवली. म्हणजे स्पष्टीकरण सोडून माणसं निवडली. तुम्हीही तेच करा. खुनी कोण ते पहिल्यांदा कळलं नाही तरी चालेल.

नॉयरमागे राजकारण होतं का?

हो, आणि ते अनेकांना महागात पडलं. १९४७ पासून अमेरिकी काँग्रेसच्या समितीने हॉलीवूडमधल्या डाव्यांची चौकशी सुरू केली. पैशाची सत्ता, भ्रष्ट पोलीस, घरी आलेले आणि कुणालाच नकोसे झालेले सैनिक हे विषय ज्यांनी हाताळले, त्यातले बरेच काळ्या यादीत गेले. 'द नेकेड सिटी' करणारा ज्यूल्स डासिन देश सोडून युरोपात गेला. 'फोर्स ऑफ ईव्हिल' (१९४८) करणाऱ्या अब्राहम पोलॉन्स्कीला पुढची वीसेक वर्षं स्वतःच्या नावाने दिग्दर्शन करता आलं नाही. त्याचा नायक जॉन गारफील्ड १९५२ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, हृदयविकाराने गेला.

नॉयर कृष्णधवलच असायला हवा का?

नाही. १९४५ चा 'लीव्ह हर टू हेवन' झगझगीत टेक्निकलरमध्ये आहे. तळं निळंशार, ओठ लालबुंद. एक बाई होडीत काळा चष्मा घालून बसलीय आणि पाण्यात एक अपंग मुलगा बुडतोय. ती हलत नाही. अंधाराची तिरीपही नसलेलं हे दृश्य मला नॉयरमधलं सर्वात काळं वाटतं. १९७४ चा 'चायनाटाउन'ही रंगीत आणि उन्हातला आहे.

आपल्याकडे नॉयर झाला का?

झाला, आणि त्याची एक मुळी पुण्यातून फुटली आहे.

त्याआधी थोडं मागे जाऊ. जर्मन प्रकाशयोजना आपल्याकडे हॉलीवूडमार्गे आली नाही, थेट आली. व्ही. शांताराम 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी १९३३ मध्ये जर्मनीला गेले होते. परतल्यावर पुण्याच्या प्रभात स्टुडिओत त्यांनी 'अमृतमंथन' (१९३४) केला. त्यातल्या काळोख्या मंदिराच्या सावल्या आणि राजगुरूच्या डोळ्याचा पडदा व्यापणारा क्लोजअप पाहा. इकडे मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये योजेफ विर्शिंग हा जर्मन कॅमेरामन कामाला होता. युद्धात त्याला शत्रुदेशाचा नागरिक म्हणून नजरकैदेत ठेवलं गेलं. बाहेर आल्यावर त्याने १९४९ चा 'महल' चित्रित केला. हॉलीवूड नॉयरचा बहर होता त्याच वर्षांत मालाडमध्ये हे चालू होतं.

आता पुण्याचं. १९४४ मध्ये गुरुदत्त प्रभातमध्ये नोकरीला लागला, तिथेच देव आनंद 'हम एक हैं' (१९४६) करायला आला. दोघांची गट्टी जमली आणि वचन ठरलं: मी निर्माता झालो तर दिग्दर्शक तू, तू दिग्दर्शक झालास तर नायक मी. देव आनंदने ते पाळलं. त्याच्या नवकेतन या निर्मिती संस्थेचा 'बाजी' (१९५१) हा गुरुदत्तचा पहिला चित्रपट: जुगारी नायक, क्लब, धूर, पडद्याआडून हुकूम सोडणारा म्होरक्या. तिथे सहायक असलेल्या व्ही. के. मूर्तींना गुरुदत्तने पुढे आपला कॅमेरामन केलं. राज खोसला दिग्दर्शित 'सी.आय.डी.' (१९५६) मध्ये मूर्तींनी रात्रीची मुंबई कशी टिपलीय ते बघा.

फरक आहेच. आपल्याकडे नायक शेवटी बचावतो, बहीण किंवा प्रेयसी त्याला मार्गावर आणते, आणि क्लबातली बाई त्याच्यासाठी जीव देते. मला हे नॉयरचं पातळ रूप वाटत नाही. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातल्या प्रेक्षकाला नशिबापुढे हात टेकणारा नायक पटला नसता. अंधार तोच घेतला, निष्कर्ष आपला काढला. शिवाय गाणी. क्लबातलं गाणं आपल्या नॉयरमध्ये कथानक पुढे ढकलतं, नायकाला इशारा देतं, खुनाची वेळ लांबवतं.

अलीकडचं म्हणाल तर पुण्यात वाढलेले आणि तिथल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले श्रीराम राघवन. त्यांचा 'जॉनी गद्दार' (२००७) विजय आनंद आणि जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केलेला आहे. 'अंधाधुन' (२०१८) पुण्यातच घडतो.

मी शॉर्टफिल्म करतोय. घरी नॉयरसारखा उजेड कसा करायचा?

आधी छताची ट्यूबलाइट बंद करा. मग खोलीच्या भिंतींकडे बघा. आपल्याकडच्या पांढऱ्या भिंती उजेड परावर्तित करतात, म्हणजे न मागितलेला फिल लाइट देतात. चौकटीबाहेरच्या भिंतीवर काळी चादर किंवा जाड घोंगडी टांगा. एवढ्याने निम्मं काम होतं.

दिवा एकच वापरा आणि तो लहान हवा. मोठ्या गोळ्याचा, दुधी काचेचा दिवा मऊ सावली देतो. उघड्या एलईडी टॉर्चची सावली धारदार असते. पट्ट्यांचा पडदा नसेल तर खिडकीचे गज किंवा जाळी चालेल. भिंतीवर रेषा स्पष्ट हव्या असतील तर जाळी भिंतीजवळ आणि दिवा लांब ठेवा. मोबाइलवर एक्स्पोझर लॉक करायला विसरू नका, नाहीतर कॅमेरा स्वतःहून अंधार उजळून टाकतो आणि सगळी मेहनत वाया जाते. बाहेर चित्रित करणार असाल तर रस्त्यावर बादलीभर पाणी ओता. हॉलीवूडही पाइप लावून रस्ते भिजवायचं, कारण ओला डांबरी रस्ता दिव्यांचं प्रतिबिंब देतो आणि कोरडा उजेड गिळतो.

आणि दिवा लावण्याआधी ठरवा, या पात्रापासून काय लपलेलं आहे. तिथे उजेड देऊ नका.

सुरुवात कुठून करू?

'डबल इन्डेम्निटी'पासून. मग 'आउट ऑफ द पास्ट', मग 'इन अ लोनली प्लेस'. 'डीटूर' जेमतेम सत्तर मिनिटांचा आहे आणि हक्कमुक्त असल्यामुळे इंटरनेटवर फुकट सापडतो. मात्र त्याच्या बहुतेक प्रती धुरकट आहेत. २०१८ मध्ये त्याची नीट दुरुस्त केलेली प्रत तयार झाली, मिळाली तर तीच बघा. इंग्रजी सबटायटल्स लावा, संवाद फार वेगात आहेत. खोलीत अंधार करा, टीव्हीचा ब्राइटनेस वाढवू नका.

रंगीत केलेल्या आवृत्त्या चालतील का?

नको. रंग भरताना काळ्या भागालाही काहीतरी रंग द्यावा लागतो, आणि साइट्झने जिथे काहीच ठेवलं नव्हतं तिथे तपकिरी भिंत उगवते.